जेड सडत होतं, कुंडी बदलून वाचवलं

बाल्कनीतलं जेड (जाड, गरदार पानांचं शोभेचं झाड) जुलैत एकदम पानं गाळायला लागलं, नुसता हात लागला तरी टपकन पडायची आणि खोड खालून मऊ लागत होतं. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून मी अजून घातलं, तिथेच चुकलं. शेवटी उपटून बघितलं तर नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा मुळांभोवती तसाच, बाहेरची माती कोरडी आणि गोळा ओलागच्च, मुळं काळी पडून वास येत होता.

मग ते कोकोपीट बोटांनी हळूहळू सोडवलं (घाई केली की चांगली मुळंपण तुटतात), काळी मुळं आणि मऊ खोड स्वच्छ कात्रीने आतला हिरवा भाग दिसेपर्यंत कापलं, हळद लावली आणि झाड तसंच कागदावर सावलीत 5 दिवस ठेवलं. हे अजिबात टाळू नका, काप सुकला नाही तर नव्या मातीत परत सडतं, आणि पानाखोडात पाणी साठलेलं असतं त्यामुळे तेवढ्या दिवसांत झाडाला काही होत नाही.

कुंडी मातीची घेतली, आधीपेक्षा लहान, खाली भोक असलेली. माती, जाड वाळू आणि विटेचा चुरा सारखे घेतले, आणि लावल्यावर आठवडाभर पाण्याचा थेंब नाही.

आता महिन्याने शेंड्याला दोन नवी पानं आलीत, इतकं बरं वाटतंय! पाणी घालायच्या आधी काडी तळापर्यंत खुपसून बघते, कोरडी आली तरच घालते.