आंबोलीचा घाट चढण्याआधी हेल्मेटची काच

पावसाळ्यात सावंतवाडीहून दुचाकीने आंबोलीला निघणार असाल, तर ब्रेक, टायर आणि चेन जितक्या काळजीने बघता तितक्याच काळजीने हेल्मेटची काच बघा. हे काम आदल्या दिवशी दुपारीच उरकून घ्या. दाणोलीपर्यंत कोणाचीच काच त्रास देत नाही. पुढे रस्ता जवळजवळ सातशे मीटर उंचीपर्यंत चढतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढता चढता थंड होते आणि तिचा ढग होतो. त्या घाटात आपण धुकं म्हणतो तो हा ढगच असतो, आणि गाडी सरळ त्याच्यात शिरते.

तयारीला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. काच दोन बाजूंनी धूसर होते आणि दोन्ही बाजूंचे उपाय वेगळे आहेत. आतल्या बाजूला तुमचा स्वतःचा श्वास असतो. तो बाहेर पडताना साधारण ३४ अंशांचा आणि वाफेने भरलेला असतो, आणि गार काचेला लागला की त्याचे बारीक थेंब होतात. बाहेरच्या बाजूला ढगाचे थेंब बसतात. घाटात दिसेनासं झालं की काच एक खाच वर उचला. दोन-चार क्षणांत ती निवळू लागली तर दोष आतल्या वाफेचा, आणि तशीच राहिली तर बाहेरून पुसायला हवी. हे न ओळखता बहुतेक जण बाहेरूनच पुसत राहतात आणि आत वाफ साचतच राहते.

आता धुणं. काच हेल्मेटवरून काढता येत असेल तर काढा. चिकटलेले किडे आणि चिखल कोरडे खरवडू नका. ओलं फडकं थोडा वेळ त्यावर टाकून ठेवा, म्हणजे ते आपोआप सुटतात. मग कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि बोटांची टोकं एवढं पुरतं. पेट्रोल, थिनर आणि घरातल्या आरशांसाठीचा अमोनियावाला स्प्रे लांब ठेवा. ही काच खरं तर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि असल्या द्रवांनी ती कायमची मंद होते किंवा तिला केसासारख्या भेगा पडतात. टूथपेस्ट चोळायचा सल्ला हमखास मिळतो, पण तो ऐकू नका. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, आणि तिचे चरे समोरून एसटीचे दिवे आले की एकदम उजळून निघतात.

काच वाळली की भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओलसर कपड्यावर घ्या. तो फक्त आतल्या बाजूला अगदी पातळ फिरवा आणि मऊ कोरड्या कापडाने काच पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने पुसा. दृष्टी अडते ती पाण्यामुळे नव्हे, तर त्याच्या असंख्य सुट्ट्या थेंबांमुळे, कारण प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो. साबणाच्या थरावर पाणी थेंब न धरता सपाट पसरतं आणि त्यातून आरपार दिसतं. हा थर फार टिकत नाही. ओलं बोट लागलं की तेवढी जागा उघडी पडते. म्हणून एका दिवसाच्या प्रवासासाठी हा उपाय उत्तम, पण दर वेळी नव्याने करावा लागतो. काचेला आतून कारखान्यातच वाफरोधक लेप दिलेला असेल तर मात्र साबण चोळू नका, नुसत्या पाण्याने धुवा.

पावसाळाभर घाटात जाणं-येणं असेल तर पिनलॉकसाठी पैसे बाजूला काढा, हे मी आग्रहाने सांगेन. मूळ काचेच्या आत दोन पिनांवर बसणारी ही दुसरी पातळ काच असते. तिच्या कडेच्या सिलिकॉनच्या पट्टीमुळे दोन्ही काचांमध्ये हवेचा थर अडकून राहतो. त्यामुळे आतली काच बाहेरच्या गारव्याने तितकी थंड होत नाही, शिवाय ती थोडा ओलावा शोषूनही घेते. मात्र तुमच्या काचेला पिना आहेत का, हे घेण्याआधी बघा. बसवल्यावर सिलिकॉनची कड सगळीकडून टेकली आहे ना, हे उजेडात धरून तपासा. कुठे फट राहिली तर दोन काचांच्या मधेच वाफ धरते आणि ती प्रवासात पुसता येत नाही. पिनलॉक कोरडं घासायचं नाही, साबणाचा थर तर त्यावर मुळीच द्यायचा नाही.

हेल्मेटच्या आतलं अस्तर रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. ओलं अस्तर डोक्याच्या उबेने वाफ सोडत राहतं आणि मग साबणही थकतो.

नाकावर बांधलेला रुमाल किंवा स्कार्फ हे माझ्या मते वाफेचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण. गावात धुळीसाठी तो ठीक आहे, पण घाटात तोच कापडाचा पदर श्वास वर, डोळ्यांकडे ढकलतो. स्कार्फ हनुवटीखाली, गळ्याशी घ्या. हेल्मेटला नाकावरची पट्टी असेल तर ती नीट खोचा, तिचं काम श्वास खाली वळवणं हेच आहे. हनुवटीखालचा कापडी पडदा काढून ठेवा. पाणी येईल म्हणून पुढची आणि वरची हवेची झाकणं बंद ठेवायची सवय असते, पण ती उघडी हवीत. मान थोडी भिजली तरी चालेल. चष्मा असेल तर त्यालाही साबणाचा तोच हात द्या.

काच एका खाचेवर उघडी धरून बघा. ती स्वतःहून खाली पडत असेल तर बाजूचे स्क्रू आवळा, कारण चढावर तुम्हाला नेमकी तीच एक खाच लागणार आहे. चरे पडलेली काच बदला. काळी काच घरीच राहू द्या.

खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडं मऊ कापड आतल्या बाजूसाठी ठेवा, बाहेरच्यासाठी वेगळं. चालत्या गाडीवर बाहेरून पुसायचं तर डाव्या हाताने आणि सरळ रस्त्यावर, वळण सुरू व्हायच्या आधीच. डाव्या बोटाला रबरी पट्टी असलेले हातमोजे मिळाले तर जरूर घ्या. गाड्यांच्या काचांना लावायचे पाणी पळवणारे द्रव इथे फारसे उपयोगी नाहीत. थेंब उडवायला वाऱ्याचा वेग लागतो आणि दाट धुक्यात गाडी तेवढ्या वेगाने न्यायचीच नाही. शिवाय त्यातले सगळेच पॉलिकार्बोनेटला चालतात असं नाही.

टपरीवर चहाला थांबलात तर हेल्मेट सीटवर उलटं ठेवू नका, भुरभुर पाऊस थेट अस्तरात जातो. ते छपराखाली घ्या. गरम चहा पिऊन लगेच काच बंद करू नका. गाडी हलली, वारा लागला की मग खाली करा.

एवढं करूनही ढग इतका दाट होतो की पुढचा कठडा दिसत नाही. तेव्हा हेडलाइट लो बीमवरच ठेवा, हाय बीमचा झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. डाव्या कडेची पांढरी रेघ धरून हळू चला आणि वळणापासून लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घेता येईल अशी रुंद जागा आली की थांबा. असं थांबण्यासाठी तासभर हाताशी राहील आणि परतीचा घाट उजेडात उतरून होईल, अशी घरून निघायची वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.