कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये या चुका टाळा: गेम बिघडलाय की रॉकेट?

कर्बल स्पेस प्रोग्रॅम, म्हणजे स्वतः रॉकेट बांधून अंतराळात न्यायचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार सतत कानावर येते: "गेममध्ये बग आहे." रॉकेट हवेत उलटलं, बग. दुसरं यान पुढे दिसतंय, त्याच्याकडे जोर लावला तर ते लांबच जातंय, बग. प्रोबची, म्हणजे मानवरहित यानाची, कुठलीच कळ चालत नाही, बग. यातल्या बहुतेक वेळा गेमचं काही चुकलेलं नसतं, भौतिकशास्त्र आपलं काम चोख करत असतं. पण कधीकधी गेम खरोखर चुकतो, आणि नेमका तेव्हाच खेळाडू आपल्या डिझाइनला दोष देत तासन्‌तास घालवतो. कुठली अडचण कोणत्या बाजूची, हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर चुकीच्या जागी दुरुस्ती करत राहाल आणि कंटाळून गेम सोडून द्याल. इतका सुंदर गेम त्या कारणानं सुटू नये असं मनापासून वाटतं.

रॉकेट हवेत कोलांटी खातं

सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण ही. लाँचपॅडवरून झकास सुटलेलं रॉकेट काही किलोमीटर वर गेल्यावर, वेग तीनशे-चारशे मी/से झाला की एकदम नाक फिरवतं. एसएएस, म्हणजे यान स्थिर धरणारी स्वयंचलित यंत्रणा, चालू असूनही सावरत नाही.

बाणाची पिसं मागच्या टोकाला असतात. वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे असला की बाण सरळ जातो. रॉकेटचंही तसंच. वरच्या टोकाला उघडा लँडर (उतरणारं यान), त्याचे पाय, अँटेना, सोलर पॅनल असं सगळं लटकवलं की अडथळा पुढे जातो, आणि हवा रॉकेटला उलटं फिरवू पाहते. त्यामुळे वरच्या सामानावर फेअरिंग (झाकणारं कवच) किंवा नोझ कोन (टोकदार टोपी) हवाच, आणि फिन्स (छोटे पंख) अगदी खाली, इंजिनाजवळ. काहीजण रॉकेट डळमळतं म्हणून वरच्या बाजूलाही फिन्स लावतात. त्यानं दुखणं वाढतं.

दुसरं कारण सहज दिसत नाही. पॅडवर स्थिर असलेलं रॉकेट इंधन जळल्यावर तसंच स्थिर राहील असं नाही. टाक्या हलक्या होतात, जड इंजिनं मात्र खालीच राहतात, त्यामुळे वजनाचं केंद्र मागे सरकू शकतं. असेंब्ली बिल्डिंगमध्ये वजनाच्या केंद्राची पिवळी-काळी खूण आणि लिफ्टच्या केंद्राची निळी खूण चालू करा. मग पहिल्या टप्प्याच्या टाक्यांवर राइट-क्लिक करून इंधनाची पट्टी हळूहळू शून्याकडे न्या. पिवळा गोळा कुठे सरकतो ते डोळ्यांनी दिसतं. तो निळ्याच्या खाली गेला तर हे रॉकेट कधीतरी उलटणार हे उड्डाणाआधीच कळतं. निळी खूण फक्त पंख आणि फिन्सची लिफ्ट मोजते, वरच्या उघड्या सामानाचा अडथळा तिच्यात धरलेला नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. तपासणी झाल्यावर टाक्या पुन्हा भरायला विसरू नका.

तिसरं कारण म्हणजे जुना सल्ला. "१० किलोमीटरपर्यंत सरळ वर जा, मग ४५ अंशांवर वळा" हे वाक्य अजून फिरत असतं. एके काळी ते बरोबरही होतं. २०११ साली मेक्सिकोच्या स्क्वॉड कंपनीनं गेम पहिल्यांदा लोकांसमोर आणला तेव्हापासून पुढची काही वर्षं गेममधली हवा रबडीसारखी घट्ट होती आणि यानाच्या आकाराला फारशी किंमत नव्हती. २७ एप्रिल २०१५ ला १.० आवृत्ती आली आणि वायुगतिकीचं सगळं गणितच बदललं. आज १० किलोमीटरवर एका झटक्यात ४५ अंश वळलात तर रॉकेट हवेला आडवं होतं आणि तिथेच कोलांटी खातं. वेग ५० ते १०० मी/से झाला की पूर्वेकडे पाचेक अंश झुकवा आणि नंतर नाक प्रोग्रेडच्या, म्हणजे यान जातंय त्या दिशेच्या, खुणेला चिकटून राहू द्या. साधारण १० किलोमीटरवर ते आपोआप ४५ अंशांच्या आसपास आलेलं असतं. पूर्वेकडेच का, तर कर्बिनच्या, म्हणजे गेममधल्या पृथ्वीसारख्या ग्रहाच्या, स्वतःभोवती फिरण्यातून विषुववृत्तावर जवळपास १७५ मी/से वेग फुकट मिळतो.

इंजिन चालू आहे, पण रॉकेट पॅडवरून हलत नाही

इथे बहुधा चुकीचं इंजिन लावलेलं असतं. टेरियर हे इंजिन निर्वातात ६० किलोन्यूटन जोर देतं, समुद्रसपाटीला मात्र १५ सुद्धा नाही. ते वरच्या टप्प्याचं इंजिन आहे. पहिल्या टप्प्याचा जोर आणि वजन यांचं गुणोत्तर साधारण १.२ ते १.७ ठेवा. असेंब्लीतला डेल्टा-व्हीचा (इंधनाच्या जोरावर वेगात एकूण किती बदल करता येतो त्या आकड्याचा) तक्ता वाचताना तो समुद्रसपाटीचा आकडा दाखवतोय की निर्वातातला, तेही बघा. निर्वातातला आकडा धरून पहिला टप्पा आखला की कागदावर सगळं जमतं आणि आकाशात कमी पडतं.

इंधन कमी पडतं, म्हणून आणखी टाकी

या सवयीबद्दल जरा सविस्तर लिहितो. कर्बिनच्या खालच्या कक्षेत जायला सुमारे ३४०० मी/से डेल्टा-व्ही लागतो, तिथून मुनकडे, म्हणजे कर्बिनच्या चंद्राकडे, निघायला आणखी ८६० च्या आसपास. कमी पडला की हात आपोआप टाकीकडे जातो.

समजा वरचा टप्पा इंधनासकट ८ टन आहे, इंधन संपल्यावर ४ टन उरतो, आणि इंजिन टेरियर आहे, म्हणजे निर्वातात ३४५ सेकंद विशिष्ट आवेगाचं (इंजिन किती काटकसरीनं इंधन वापरतं त्याचं माप). त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्रानं डेल्टा-व्ही सुमारे २३४५ मी/से येतो. आता यात साडेचार टनांची टाकी वाढवली, जिचं रिकामं वजन अर्धा टन आहे, तर आकडा ३४५५ च्या आसपास जातो. म्हणजे ११०० ची वाढ, पण आता खालच्या टप्प्याला साडेचार टन जास्त उचलायचे आहेत. त्याऐवजी टाकीला हात न लावता लँडरमधलं एक टन अनावश्यक वजन काढलं, तर आकडा २८६५ होतो. निम्मी वाढ जवळपास फुकटात पदरात पडते, आणि खालचा टप्पाही हलका होतो. म्हणून आधी वर काय काय लादलंय ते तपासा. परत येताना न लागणारी वैज्ञानिक उपकरणं, एकाच्या कामाला नेलेलं तिघांचं केबिन, भलीमोठी बॅटरी, गरजेपेक्षा दुप्पट मोनोप्रॉपेलंट (छोट्या थ्रस्टरांचं इंधन). नवख्या खेळाडूंच्या मुन लँडरमध्ये एक टन सहज सापडतो.

एसएएसची बटणं दिसत नाहीत, प्रोब ऐकत नाही

करिअर मोडमध्ये प्रोग्रेड किंवा त्याच्या उलटी रेट्रोग्रेड दिशा धरून ठेवायला पायलट किमान पहिल्या पातळीचा लागतो. जेबेडाया किंवा व्हॅलेंटिना हे गेममधले पायलट नवे असतील तर त्यांना फक्त साधी स्थिरता जमते. यानात एकटा बॉब असेल तर तेही नाही, कारण तो शास्त्रज्ञ आहे. स्टेपुटनिक या सुरुवातीच्या प्रोबमध्ये एसएएस मुळीच नाही. यात बिघाड काहीच नाही.

प्रोब पूर्ण गप्प झाला असेल तर आधी वीज बघा. यान वळवणारी रिॲक्शन व्हील वीज खातात, आणि सोलर पॅनल बंद ठेवून टाइम वॉर्प केला (वेळ वेगानं पुढे नेला) की यान कायमचं मरतं. दोन सवयी लावा. घडी न होणारं एक लहान पॅनल यानाच्या अंगावर नेहमी असू द्या. आणि एका बॅटरीच्या मेनूतला वीजप्रवाह बंद करून ती राखीव ठेवा, अडचणीच्या वेळी चालू करता येते. वीज असूनही मॅन्युव्हर नोड (पुढे कुठे, किती जोर लावायचा त्याचा आराखडा) मांडता येत नसेल तर यान मुनच्या मागे गेल्यानं सिग्नल तुटलेला असू शकतो. ऑक्टोबर २०१६ च्या १.२ आवृत्तीपासून संपर्काचं जाळं गेमचा भाग आहे.

समोरच्या यानाकडे जोर लावणं

दोन यानं एका कक्षेत आहेत, दुसरं थोडं पुढे दिसतंय. नाक त्याच्याकडे वळवलं, इंजिन लावलं, आणि ते हळूहळू खाली आणि पुढे जायला लागलं. वाढलेल्या वेगानं तुमची कक्षा मोठी झाली, मोठ्या कक्षेला फेरी पूर्ण करायला जास्त वेळ लागतो, म्हणून पुढच्या फेरीत तुम्ही आणखी मागे पडता. कक्षेत पुढच्याला गाठायचं तर आधी खाली उतरावं लागतं.

हीच गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे. ३ जून १९६५ ला जेमिनी ४ च्या उड्डाणात जेम्स मॅकडिव्हिट यांनी टायटन रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे नाक करून जोर लावला की तो जवळ येईना. बरंच इंधन खर्चून शेवटी नाद सोडावा लागला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६ए हे यान जेमिनी ७ च्या अगदी काही फुटांवर पोचलं, कारण तोवर हे गणित पक्कं बसलं होतं. प्रशिक्षित वैमानिकाला जे प्रत्यक्ष करून कळलं, ते खेळताना आपल्याला कळतं. या गेमवर जीव जडतो तो इथेच.

तर पद्धत अशी. लक्ष्य १०० किलोमीटरच्या गोल कक्षेत असेल तर तुम्ही ८० वर राहा. तिथली फेरी सव्वाएकतीस मिनिटांची, १०० वरची साधारण साडेबत्तीस मिनिटांची. म्हणजे प्रत्येक फेरीला तुम्ही ऐंशीएक सेकंदांनी जवळ येता, एका थेंबाचाही खर्च न करता. त्याआधी दोन कक्षांचा कल जुळवून घ्या. अंतर पुरेसं कमी झालं की नोड मांडून कक्षा १०० पर्यंत उचला आणि नकाशावरच्या जवळिकीच्या खुणा दोन-तीन किलोमीटरवर येईपर्यंत नोड पुढे-मागे सरकवा. त्या जागी पोचलात की नॅव्हबॉल (दिशा दाखवणारा गोळा) "टार्गेट" वर आणा. इथे फार जण चुकतात: नॅव्हबॉल "ऑर्बिट" वरच राहतो आणि ते भलत्याच रेट्रोग्रेडकडे जोर लावतात. टार्गेटच्या रेट्रोग्रेडकडे जोर लावून सापेक्ष वेग शून्यावर आणा, मगच लक्ष्याकडे तोंड करून हलकासा धक्का द्या. हे एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

यानं एकमेकांना जोडणारे डॉकिंग पोर्ट टेकूनही जुळत नसतील तर तीन गोष्टी बघा. दोन्ही पोर्ट एकाच मापाचे आहेत का, बांधताना एखादा उलटा तर बसला नाही ना, आणि टेकल्यावरही एसएएस चालू असल्यानं ते चुंबकाशी झगडत तर नाही ना. नुकतंच सुटलेलं यान परत जोडायचं तर आधी थोडं मागे घ्यावं लागतं.

गेमची मर्यादा म्हणजे बग नव्हे

लॅग्रांज बिंदूवर, म्हणजे दोन गोलांच्या गुरुत्वाचा मेळ बसतो त्या जागी, उपग्रह ठेवायला जाल तर तो तिथे राहणार नाही. गेम एका वेळी एकाच ग्रहाचं किंवा उपग्रहाचं गुरुत्व मोजतो. पॅराशूट लावून सोडलेले बूस्टर दाट हवेत तुमच्यापासून बरेच लांब गेले की नाहीसे होतात, कारण गेम त्यांची गती मोजणं थांबवतो. हे असंच बनवलेलं आहे.

आणि जेव्हा खरंच गेम चुकतो

यान जमिनीवर उभं असताना विनाकारण थरथरतं, लोड होताच हवेत उडी मारतं, लांबलचक स्टेशन स्वतःहून डोलायला लागून तुटतं. याला खेळाडू क्रॅकेन म्हणतात. आकडेमोडीतल्या बारीक चुका साचत जातात आणि भागांच्या जोडांवर नसलेले जोर पडतात. सेटिंगमधून जास्तीचे पर्याय चालू करून मोठ्या भागांना ऑटोस्ट्रट (आपोआप जोडला जाणारा अदृश्य आधार) लावा, एकमेकांत घुसवलेले भाग कमी करा, आणि जड यानावर फिजिक्स वॉर्प चारपट वापरू नका. अंतराळात डोलणं वाढतंय असं दिसलं तर क्षणभर साधा टाइम वॉर्प लावून काढा, फिरणं तिथल्या तिथे थांबतं.

दोष गेमचा की मॉडचा (खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये वरून टाकायच्या भरीचा) हे अंदाजानं ठरवू नका. गेमचं पूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, त्यातल्या गेमडेटामधून स्क्वॉडची फोल्डरं सोडून बाकी सगळं काढा आणि तीच अडचण नव्या सेव्हमध्ये घडवून बघा. घडली नाही तर मॉड निम्मे-निम्मे परत टाकत जा. मॉड अजिबातच दिसत नसेल तर गेमडेटाच्या आत आणखी एक गेमडेटा तयार झालाय का ते पाहा, झिप उघडताना हे हमखास होतं. मदत मागताना आवृत्तीचा आकडा, मॉडची यादी आणि लॉग फाइल सोबत द्या. गेम पहिला की २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेला दुसरा, तेही सांगा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

या सगळ्या तपासणीत सेव्ह जपा. एफ५ दाबलं की जुना क्विकसेव्ह पुसला जातो, आणि घाबरून पडत्या यानात एफ५ दाबलं तर तेच पडणं पुन्हा पुन्हा लोड होतं. ऑल्ट धरून एफ५ दाबलं की सेव्हला नाव देता येतं. उड्डाणाआधी, कक्षेत पोचल्यावर आणि उतरण्याआधी असे तीन वेगळे सेव्ह ठेवा.