चवथीच्या दुपारी घरीच मांडा शेअरबाजार

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात. बाहेर पाऊस धो धो, जेवण झालेलं, संध्याकाळच्या आरतीला अजून वेळ. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरात या दुपारी वर्षानुवर्षं ‘व्यापार’ हा पटावरचा खेळ चालायचा. त्याची एकच खोड: तासाभरात एक जण गब्बर होतो, दोघं-तिघं कंगाल होऊन मोबाईलमध्ये तोंड खुपसतात आणि उरलेले दोघं रात्रीपर्यंत एकमेकांना भाडं देत बसतात. (ही खोड मुळातलीच. या घराण्यातल्या खेळांची पणजी म्हणजे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेला खेळ. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचं काय होतं, हे दाखवायलाच त्यांनी तो रचला होता.)

म्हणून आम्ही आमचाच पट केला. त्यात फासे नाहीत. भाव माणसं ठरवतात, लाभांश (शेअरवर दर महिन्याला मिळणारे पैसे) ऋतू ठरवतो आणि शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही. तीन ते सहा जण, दीड तास, वय आठच्या पुढे.

आधी सामान जमवा

एक मोठा पुठ्ठा घ्या, मिक्सरच्या खोक्याचा चालेल. त्यावर पाच उभे रकाने आखा: काजू, मासळी, नारळ, हॉटेल, खाण. प्रत्येक रकान्यात खालून वर १० ते १२० अशी दहा-दहाच्या फरकाने बारा घरं. ही भावाची शिडी. पुठ्ठ्याच्या कडेला जून ते मे असे बारा महिने लिहा.

शिडीवर चढण्या-उतरण्यासाठी सोंगट्या हव्यात. काजूला काजूबी, मासळीला तिसऱ्याची (खायच्या शिंपल्याची) शिंपी, नारळाला करवंटीचा तुकडा, हॉटेलला शर्टाचं बटण, खाणीला तांबडा खडा. घरात लहान मूल असेल तर काजूबी भाजलेली घ्या. कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात.

शेअर म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापा, पाठची बाजू कोरीच असते. प्रत्येक मालाचे दहा शेअर. मुलांना सांगताना ‘कंपनीतली भागीदारी’ वगैरे नको. ‘काजूच्या बागेचे दहा वाटे केलेत, त्यातला एक तुझा’ एवढं पुरतं. नोटा जुन्या ‘व्यापार’च्या डब्यातल्या. प्रत्येकाला ५०० रुपये द्या, बाकीचे बँकेत. बँक सांभाळायला हिशेबाला पक्कं माणूस बसवा. आमच्याकडे हे काम आत्याकडे असतं आणि ती एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही.

लाभांशाचा तक्ता पटावर लिहा, सगळ्यांना दिसेल असा

दर महिन्याच्या शेवटी, हातातल्या प्रत्येक शेअरवर बँक पैसे देते:

नारळ: बाराही महिने ३ रुपये.
मासळी: ऑगस्ट ते मे ४ रुपये. जून-जुलै काही नाही, कारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते.
हॉटेल: ऑक्टोबर ते मार्च ५ रुपये, फक्त डिसेंबरात १५.
काजू: मार्च, एप्रिल, मे प्रत्येकी १५. बाकी नऊ महिने झाडाकडे बघत बसायचं.
खाण: ऑक्टोबर ते मे ८ रुपये, पण तिचं पुढे सांगतो.

आता खेळा

सगळ्या सोंगट्या ५० वर ठेवून जूनपासून सुरुवात करा. एका महिन्यात प्रत्येकाला एक पाळी. एका पाळीत जास्तीत जास्त दोन व्यवहार, तेही वेगवेगळ्या मालाचे. एका व्यवहारात एक ते तीन शेअर.

घेताना सोंगटी आधी एक घर वर सरकवा आणि त्या नव्या भावाने पैसे भरा. विकताना आधी एक घर खाली आणा आणि त्या भावाने पैसे घ्या. म्हणजे सोंगटी आधी, पैसे नंतर. हा क्रम अजिबात बदलू नका. पहिल्या वर्षी आम्ही उलटं करत होतो आणि एकाच मालाची खरेदी-विक्री एका पाळीत चालवून घेत होतो. बारा वर्षांच्या भाच्याने तिसऱ्याच महिन्यात खोच ओळखली. ५० ने तीन घेतले, सोंगटी ६० वर गेली, लगेच तिन्ही ६० ने विकले. सोंगटी परत ५० वर आणि याच्या खिशात ३० रुपये. आंबा नाही, कोयही नाही, नुसती फांदी हलवून पैसे! पाच महिने तो हेच करत होता आणि आम्हाला वाटत होतं पोराचं नशीब जोरात आहे.

बँकेतले शेअर संपले तर खरी गंमत. मग ते दुसऱ्या खेळाडूकडूनच घ्यायचे, भाव दोघांनी ठरवायचा, सोंगटी हलवायची नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चालते तशी घासाघीस इथे होते. शिडीवर भाव ८० असताना मावसभावाने नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ताटलीसकट ९५ ला शेअर विकलेला मी पाहिला आहे.

पैसे संपले तर बँक एकदाच १०० रुपये कर्ज देते, दर महिन्याला १० रुपये व्याज. मुलांना घेऊ द्या. चौथ्या महिन्यात ती स्वतःच फेडायला धावतात.

बातम्यांची पानं

वीसेक पानं करा आणि प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला एक उलटा. ‘अवकाळी पाऊस, मोहोर गळला: काजू दोन घरं खाली, यंदाचा लाभांश निम्मा.’ ‘बांगड्याचं जाळं भरून आलं: मासळीला या महिन्यात दुप्पट लाभांश.’ ‘परदेशी विमानं वाढली: हॉटेल दोन घरं वर.’ दोन-तीन पानांवर नुसतं ‘अफवा’ लिहा: पान उलटणाऱ्याने एक माल निवडून दोन घरं वर न्यायचा, पुढच्या महिन्यात तो आपोआप दोन घरं खाली येतो. हे ठाऊक असूनही लोक मधल्या महिन्यात तो घेतात, हे विशेष.

आणि एक पान ‘खाणबंदी’चं. ते निघालं की खाण चार घरं खाली, आणि ‘खाण सुरू’चं पान निघेपर्यंत लाभांश बंद. ते पान निघेलच असं नाही. बाहेरच्या पाहुण्यांना हे अतिशयोक्त वाटतं. आमच्या भागात नाही वाटत: २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं ठप्प. माझ्या काकांचा ट्रक त्या धंद्यात होता. ते या खेळात तांबड्या खड्याला हात लावत नाहीत. महिन्याला आठ रुपये लाभांश, वर्षाचा मिळून सगळ्यात जास्त, तरी नाही.

मुलांना काय दाखवायचं ते इथे

काजू मार्चपासून देणार, हे तक्त्यात सगळ्यांसमोर लिहिलेलं आहे. मग फेब्रुवारीत घेतला की झालं, असं मुलांना वाटतं. गेल्या खेपेला फेब्रुवारीपर्यंत काजूबी ९० वर चढली होती. भाचीने १०० देऊन एक घेतला. तीन महिन्यांचे मिळून ४५ आले, मेअखेरच्या मोजणीत तो ६० ला धरला गेला. म्हणजे १०५. हातात उरले पाच. काकीने तोच शेअर सप्टेंबरात, सगळे हॉटेलच्या मागे असताना, ६० ला घेतला होता. तिलाही मे महिन्यात १०५ च मिळाले. भाची म्हणाली, “पण काजू येणार हे मला माहीत होतं!” काकी म्हणाली, “सगळ्यांनाच माहीत होतं गो.”

इथे मध्ये बोलू नका. पोरीला कागद-पेन्सिल घेऊन बसू द्या.

शेवट

मे महिन्यात फक्त विक्री, खरेदी बंद. नाहीतर लोक आपल्याच मालाचा भाव फुगवून घेतात. पाळी सगळ्यात कमी शेअर असलेल्यापासून सुरू करा. जो तो विकायला जातो, सोंगट्या धडाधड खाली येतात, आणि कागदावरचे श्रीमंत एकमेकांकडे बघायला लागतात. दोन व्यवहारांनंतर हातात उरलेले शेअर शिडीवरच्या भावाने मोजा, रोख त्यात मिळवा, कर्ज वजा करा.

पट गुंडाळून कपाटावर ठेवताना सोंगट्या डब्यात वेगळ्या ठेवा. आमची काजूबी दर चवथीला नवी शोधावी लागते, आदल्या वर्षीची कुणी नेली ते अजून कळलेलं नाही.