थंडीत शेततळ्यातील माशांची प्रकृती कशी तपासावी

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडते, मासे खाणे कमी करतात आणि मेलेला मासा तरंगताना दिसत नाही तोवर तळ्यात सारे ठीक आहे असे गृहीत धरले जाते. मरतूक हे मात्र त्रासाचे सर्वांत शेवटचे लक्षण आहे. त्याआधी कित्येक दिवस मासा आपल्या वागण्यातून आणि अंगावरून ते सांगत असतो.

पाहणीची खरी वेळ सूर्योदयापूर्वीची आहे, कारण मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ रात्रभर प्राणवायू वापरत राहिल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. कटला मुळातच वरच्या थरात वावरतो, त्यामुळे तो नुसता वर दिसला म्हणून घाबरू नये. काठावर पाय आपटावा. निरोगी मासा क्षणात खाली जातो, गुदमरलेला मात्र तोंड वर काढून तिथेच हवा गिळत राहतो. असे दिसल्यास एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) किंवा पंप ताबडतोब सुरू करावा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. पंगस हवेतूनही श्वास घेतो, म्हणून त्याचे अधूनमधून वर येणे स्वाभाविक आहे. तो सुस्त होऊन कोपऱ्यात थांबला, तर थंडी त्याला बाधते आहे असे समजावे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असावा आणि ३ च्या खाली गेल्यास उपाय लांबवू नये.

खाद्य दुपारी, पाणी थोडे तापल्यावर, ट्रेमध्ये द्यावे आणि दोन तासांनी ट्रे उचलून पाहावा. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढवते, म्हणून जितके उरते तितकी मात्रा लगेच कमी करावी.

पंधरवड्यातून एकदा ऊन आल्यावर फेकजाळ्याने थोडे मासे काढून, हात ओले करूनच, तपासावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले सुटतात आणि तिथेच बुरशी धरते. कल्ले लालभडक असावेत. फिकट कल्ले रक्तक्षय किंवा परजीवी सुचवतात, तपकिरी कल्ले पाण्यात नायट्राइट हा विषारी घटक वाढल्याची शंका दाखवतात. अंगावर लाल चट्टे वा व्रण दिसले, तर थंडीत बळावणाऱ्या व्रणरोगाची शक्यता धरून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना नमुना दाखवावा आणि ते जाळे दुसऱ्या तळ्यात वापरू नये. परांच्या बुडाशी चपट्या, सरकणाऱ्या उवा आहेत का, हेही पाहावे. अशा उवा झालेला मासा अंग घासत राहतो आणि त्याची वाढ खुंटते. लांबीच्या मानाने वजन घटलेला, डोके मोठे आणि पाठ बारीक दिसणारा मासा दाट संख्येमुळे किंवा अपुऱ्या खाद्यामुळे उपाशी राहिलेला असतो.

विक्रीच्या वेळीही हीच काळजी हवी. एक दिवस आधी खाद्य थांबवावे, जाळे एकाच वेळी फार भरू नये आणि जिवंत मासे क्रेटमध्ये एकमेकांवर रचून गुदमरू देऊ नयेत. मोठा मासा डोक्यावर एकाच नेमक्या फटक्याने बेशुद्ध करून लगेच मारावा आणि मगच बर्फात ठेवावा.