रुग्णवाहिकेवर काम करायचं आहे? प्रवेशाआधीपासून नोंदणीपर्यंतची तयारी

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या बसस्टँडवर पॅरामेडिकल कोर्सचे फ्लेक्स लागतात. ‘शासनमान्य’, ‘शंभर टक्के नोकरी’, खाली मोबाइल नंबर. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन किंवा पॅरामेडिक व्हायचं ठरवलेल्या आपल्या विदर्भातल्या पोरापोरींनी तयारीची सुरुवात इथूनच करावी, पैसे भरायच्या आधी. राज्याच्या पॅरामेडिकल परिषदेची नोंदणी मिळणार की नाही, हे बरंचसं प्रवेशाच्या दिवशीच ठरून जातं. दोन वर्षं घासून अभ्यास केला आणि परिषदेने पदविकाच मान्य केली नाही, तर बापाने कापूस विकून भरलेली फी कोणी परत देत नाही.

संस्थेत गेलात की तीन गोष्टी लेखी मागा. परीक्षा कोण घेतं, पदविका कोणत्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या नावाने मिळते, आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होतं. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे म्हणजे कोर्सला मान्यता आहे, असं होत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र बहुतेक वेळा तेवढंच असतं. तिन्हींची उत्तरं मिळाली की ती त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या संलग्न संस्थांच्या यादीत स्वतः ताडून बघा. ‘आधी बुकिंगचे पाच हजार भरा, मग कागद दाखवतो’ असं म्हणणाऱ्याच्या दारातून सरळ परत या.

कायदा थोडक्यात समजून घ्या. केंद्राने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नावानिशी आहे. टेक्निशियनच्या पातळीवर किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण हवं. वरच्या पातळीला पदवी आणि किमान ३६०० तास. महाराष्ट्रात पॅरामेडिकल परिषदेचा २०११ चा कायदा त्याआधीपासून आहे. नियम असे बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी परिषदेच्या संकेतस्थळावरची पात्रता आणि कागदांची यादी वाचा, मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. कौशल्य विकासातून काही महिन्यांचं बेसिक टेक्निशियनचं प्रमाणपत्र मिळतं. ते शिकायला चांगलंच आहे, सुरुवातीचं कामही त्यावर मिळू शकतं, पण २००० तासांच्या हिशेबात ते बसत नाही. फी भरताना हा फरक डोळ्यासमोर ठेवा.

आता कागद. सगळ्यात जास्त अडतं ते नावाशी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, टीसीवर वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेलं, आणि इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. दहावीची गुणपत्रिका आणि जन्मतारखेचा दाखला प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती पहिल्या वर्षातच करा, शेवटच्या वर्षी परीक्षा, लॉगबुक (प्रात्यक्षिकाची नोंदवही) आणि अर्ज एकदम अंगावर येतात. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा. नाव बदलायचं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी वेळेत करून घ्यावी. अनुसूचित जमातीच्या मुलांनी जात वैधतेचा अर्ज लवकर टाकावा, समितीपुढची प्रकरणं रेंगाळतात आणि आजोबांच्या काळातला महसुली किंवा शाळेचा पुरावा शोधायलाही वेळ जातो. नॉन क्रीमीलेअर असेल तर त्याची मुदत बघा. अधिवास, उत्पन्न, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि सरकारी रुग्णालयातलं फिटनेस प्रमाणपत्र, हे बाकीचं सेतू केंद्र आणि दवाखान्याच्या दोन-चार चकरांत होतं. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि कोणत्याही संस्थेकडे मूळ गुणपत्रिका पोच घेतल्याशिवाय सोडू नका.

लॉगबुक रोजच्या रोज भरा. कोणत्या तारखेला, कोणत्या विभागात, काय पाहिलं आणि काय स्वतः केलं, हे त्याच दिवशी लिहून डॉक्टरांची किंवा सिस्टरची सही घ्या. महिनाअखेरीस एकगठ्ठा सह्या घ्यायची सवय लागली की शिकणंही एकगठ्ठाच होतं. ड्युटी निवडता आली तर कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, रात्रपाळी मागून घ्या. दिवसा ओपीडीच्या गर्दीत तुम्हाला कोणी हात लावू देत नाही. रात्री अपघात, विषबाधा आणि अडलेली बाई एका तासात येते, तेव्हा बीपी घेणारा, सक्शन (तोंडातली लाळ-रक्त ओढून घेणारी नळी) धरणारा, ऑक्सिजन जोडणारा माणूस हवाच असतो.

हाताची तयारी परीक्षेपुरती ठेवू नका. हृदय बंद पडलेल्याला द्यायचा छातीदाब मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हे पाठ सगळ्यांना असतं. पुतळ्यावर सलग दोन मिनिटं करून पाहा, शेवटच्या अर्ध्या मिनिटात खोली किती कमी होते ते कळेल. त्यासाठी दंड, पाठ आणि मांड्यांमध्ये ताकद हवी. स्ट्रेचर उचलताना गुडघ्यात वाका, कंबरेत नाही. आपल्याकडे रुग्ण पहिल्या मजल्यावरून खाली आणायचा नसतो, काळ्या मातीच्या वावरातून, पावसाळ्यात, धुऱ्या-धुऱ्याने रस्त्यापर्यंत आणायचा असतो. चिखलात चाकं चालत नाहीत, चौघांनी उचलावंच लागतं आणि त्या चौघांना हुकूम देणारे तुम्ही असता.

ऑक्सिजनचं गणित इतकं पाठ हवं की झोपेतही सांगता आलं पाहिजे. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. १५ लिटर सोडला तर १०० मिनिटंच. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धी. आता सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास आणि मध्ये मेळघाटचा घाट. चार तासांच्या वाटेला १० लिटरने २४०० लिटर लागतात, म्हणजे एक बी टाइप पुरतच नाही. हा हिशेब निघायच्या आधी करायचा असतो. दुसरा सिलिंडर आहे का, स्पॅनर कुठे आहे, वाटेत कोणत्या ग्रामीण रुग्णालयात बदलून मिळेल, हे गाडी हलायच्या आधी पायलटशी, म्हणजे चालकाशी, बोलून घ्या.

पाठ्यपुस्तकात जे दोन ओळींत उरकलेलं असतं त्यातलं बरंच आपल्याकडे रोजचं आहे. पहिलं फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर, एवढं दिसलं की ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक डोक्यात आलंच पाहिजे. आधी स्वतः हातमोजे घाला, मग रुग्णाचे कपडे उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, तोंडातली लाळ सक्शनने काढत राहा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू देऊ नका. आणि डबा सोबत घ्या. लेबलवर एका कोपऱ्यावर उभा ठेवलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. औषधाचं तांत्रिक नाव तिथेच छापलेलं असतं आणि डॉक्टरांना तेच हवं असतं. घरचे घाईत डबा उकिरड्यावर टाकतात, तो शोधायला एका माणसाला पळवा.

दुसरा साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची लक्षणं वेगवेगळी लिहून काढा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. अशा माणसाचा श्वास वाटेत थांबू शकतो, पण हृदय चालू असतं. अंबू बॅगने (तोंडावर मास्क धरून हाताने दाबायची पिशवी) दर ६ सेकंदांनी एक श्वास, दवाखाना येईपर्यंत, हात दुखला तरी देत राहिलं तर तो वाचतो. म्हणून मास्क धरायची सराव-तासिका कधीच चुकवू नका. चावलेला हातपाय फळीने स्थिर करा, दोरी बांधलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नका, चावल्याची वेळ लिहा. मांत्रिकाकडे जाऊन आलेल्या कुटुंबावर ओरडू नका. त्यांच्याशी भांडण झालं तर गाडीत बसायलाच ते तयार होत नाहीत.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, म्हणजे उष्माघात. तिथेच सावलीत आधी गार करा: ओली चादर, वारा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण कळवळतो तेव्हा त्याला नाटकी म्हणू नका, कार्ड बघा, ऑक्सिजन मोजा. प्रसूतीचं किट कधीही अर्धवट ठेवू नका.

माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या भागात काम करायचं असेल तर दहा-बारा प्रश्न त्या भाषेत शिकून घ्या: कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, किती महिने झाले. आशाताईंची ओळख ठेवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर दुसरी वाट त्यांनाच माहीत असते.

नोकरीचं चित्रही आधीच स्वच्छ ठेवा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यात २३३ ॲडव्हान्स (गंभीर रुग्णांसाठीच्या) आणि ७०४ बेसिक. या गाड्यांवर डॉक्टर असतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यांतल्यासारखी टेक्निशियनची सरसकट भरती इथे गृहीत धरू नका. खासगी रुग्णालयांच्या गाड्या, वणी-घुग्घुस-बल्लारपूरकडच्या कोळसा खाणी, कारखाने, विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग, या सगळीकडे चौकशी करा. नेमणूकपत्रात नोंदणी क्रमांक मागतात का ते बघा. मागणारा मालक कामही नीट करून घेतो. नोंदणीची मुदत कधी संपते ते वहीत लिहा, बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचं) कार्ड दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं तेही.

आणि हेपटायटिस बी ची लस. रक्त अंगावर उडणारं काम आहे. तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, म्हणजे वॉर्डात पाऊल टाकायच्या सहा महिने आधीच सुरुवात हवी. धनुर्वाताची सुई कधी घेतली होती तेही बघा. प्रवेशाचा विचार पक्का असेल तर बाकी कागद जमा व्हायची वाट न बघता पहिला डोस याच आठवड्यात घ्या आणि त्याचं कार्ड त्याच फाइलमध्ये लावा.