चेंबर वेल्ड करूनही ऑइल गळतंय? या चुका टाळा

अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला, आर्गन मारून (आर्गन वायूतलं वेल्डिंग करून) आणलं, सिलिकॉन लावलं, बोल्ट आवळले आणि चार दिवसांत खाली पुन्हा ऑइलचे डाग. मग सिलिकॉन बदलून पाहिलं जातं. माझ्या मते बहुतेक वेळा दोष सिलिकॉनचा नसतो. गळती वेल्डिंगच्या टेबलावरच सुरू झालेली असते.

मुरलेलं ऑइल

ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं असतात आणि त्यांत वर्षानुवर्षं ऑइल मुरतं. पेट्रोलच्या फडक्याने ते निघत नाही. वेल्डिंगची आर्क (विजेची ज्योत) लागली की ते जळतं, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि धातू गोठताना बुडबुडे होऊन अडकतो. वरून चकचकीत दिसणारा वेल्ड आतून सच्छिद्र राहतो. म्हणून चेंबर आधी डीग्रीझरने धुवा, मग १०० ते १५० अंशांपर्यंत तापवा, पाझरेल ते पुसा आणि पुन्हा तापवा. पाझरणं थांबेपर्यंत घाई नको.

तडा असेल तर दोन्ही टोकांना ३ एमएमचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकतो. मग व्ही आकारात घासून घ्या. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेला हवा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांहून जास्त लागतात, त्यामुळे तो काढणं गरजेचं आहे. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मात्र वेल्डिंगआधी अजिबात वापरू नका. आर्कमुळे त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

फिलर रॉड, म्हणजे वेल्डमध्ये वितळवून भरायची सळई, ४०४३ नंबरची घ्या. ५३५६ मध्ये मॅग्नेशियम जवळजवळ ५ टक्के असतं आणि ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या भागासाठी तो योग्य नाही. इंजिन ऑइल तर १०० अंशांच्या आसपास जातं. वेल्डऐवजी एम-सीलचा लेप तात्पुरता, घरी पोहोचण्यापुरता.

वाकलेली कड

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. मोकळं चेंबर वेल्ड केलं की थंड होताना धातू आकसतो आणि ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य धडाला) बसणारी कड पिळवटते. चेंबर जाड प्लेटवर किंवा जुन्या ब्लॉकवर बोल्टने आवळूनच वेल्ड करा, छोट्या टप्प्यांत, जागा बदलत, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा संच) लावून पाहा. ०.१ एमएमचं पान खालून सरकत असेल तर कड आधी सपाट करून घ्या. वाकलेली कड बोल्ट जोरात आवळून बसत नाही, ब्लॉकमधले आटे मात्र निघतात. ६ एमएमच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो, पण मॅन्युअलमधला आकडा पाळा.

चेंबरचा आकार बदलला असेल तर ऑइल पंपाच्या जाळीखाली ६ ते १० एमएम मोकळी जागा उरते का ते मोजा. टर्बोमधून ऑइल परत आणणाऱ्या रिटर्न पाइपचा जोड ऑइलच्या पातळीच्या वरच वेल्ड करा. डिपस्टिकवरच्या खुणाही नव्याने तपासाव्या लागतील.

सिलिकॉन

व्हिनेगरसारखा वास येणारं घरगुती सिलिकॉन नको, इंजिनसाठीचं न्यूट्रल आरटीव्ही (साध्या तापमानाला सुकणारं सिलिकॉन) घ्या. ३ एमएमची अखंड धार पुरते, ती बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्तीचं सिलिकॉन आत पडून जाळीत अडकतं आणि ऑइलचं प्रेशर जातं. जिथे कंपनीने पॅकिंग दिलंय तिथे वर सिलिकॉन थापू नका. सिलिकॉनच्या ट्यूबवर लिहिलेली वेळ उलटल्यावरच ऑइल भरा. बहुतेक सिलिकॉनला पूर्ण सुकायला २४ तास लागतात.

चेंबर बसवण्याआधी त्याला बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या आणि आत रॉकेल ओतून काही तास ठेवा. जिथे डाग उमटेल तिथे छिद्र आहे. तो भाग नुसता वरून भरू नका, घासून काढून पुन्हा वेल्ड करा.

आणि एवढं करूनही थेंब दिसला तर चेंबर उतरवण्याआधी सगळं पुसून वरचं बघा. मागचं क्रँक सील, व्हॉल्व्ह कव्हर किंवा तुंबलेला ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी), यांचं ऑइलही ओघळून चेंबरच्या कडेवरूनच ठिबकतं.