पद्मिनीच्या ऑईलमध्ये पेट्रोल उतरतंय? आधी इंजिनावरचा फ्युएल पंप बघा

ऑईल न टाकता डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल वाढलेली दिसली की आधी बरंच वाटतं, चला, गाडी ऑईल खात नाहीये. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर ऑईल होतं आणि पट्टी उभी धरली तर थेंब पाण्यासारखा सरसर खाली आला, नाकाशी नेला तर चक्क पेट्रोल.

असं दिसलं की गाडी स्टार्ट करू नका. पातळ ऑईलने बेअरिंगं खलास होतात, शिवाय क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) पेट्रोलची वाफ भरलेली असते. पट्टीला काडी लावून बघा म्हणणारा एक काका प्रत्येक गॅरेजात असतो, त्याला चहा पाजा पण काडी देऊ नका. खात्रीच करायची तर वर्तमानपत्रावर एक थेंब याचा आणि शेजारी एक कोऱ्या ऑईलचा टाका, कुठला भराभर पसरतो ते दिसतंच.

आता स्पार्क प्लग काढा. काळे, ओले असतील तर मिक्श्चर रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), म्हणजे चोक (हवा कमी करणारी झडप) अडकलाय किंवा कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) बसत नाहीये. कार्बोरेटरमधला फ्लोट (तरंगणारा पोकळ डबा) काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. एकच प्लग ओला असेल तर आधी त्याचा स्पार्क बघा.

चारही प्लग छान विटकरी आणि तरी ऑईल वाढतंय? मग पंपच. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ओढणारा हा मेकॅनिकल पंप थेट इंजिनच्या ब्लॉकवर बसतो, कॅमशाफ्ट त्याचा लिव्हर हलवतो, आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला की पेट्रोल सरळ सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलमध्ये. दोन नट काढा, पंप हातात घ्या, इनलेटची नळी पेट्रोलच्या बाटलीत सोडून लिव्हर वीसेक वेळा हाताने दाबा (उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको). लिव्हरच्या बाजूने ओल आली की झालं निदान. माझा डायफ्राम कडेला चिरला होता, आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही, म्हणून पंप दुरुस्तीचं किट घेताना इथेनॉलला चालेल का हे दुकानदाराला विचारूनच घ्या. पंप आणि ब्लॉकमधलं पॅकिंग मात्र होतं तेवढ्याच जाडीचं टाका, नाहीतर लिव्हरचा स्ट्रोक (हालचाल) बदलतो.

गळती बंद झाल्यावरच ऑईल बदला, आधी बदललंत तर पैसे पाण्यात, म्हणजे पेट्रोलमध्ये. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी इंजिन गार असताना पट्टी बघत जा.